पद्मिनी घाटात खडखडते, टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) घरी बसवता येईल का?

डोंगरवाट:
घरी बाबांची ८६ ची प्रीमियर पद्मिनी आहे, १०८९ सीसी पेट्रोल. महिन्यापूर्वी सीबी पॉइंट (ठिणगीसाठी करंट तोडणारा स्विच) आणि त्याचा कंडेन्सर नवे टाकून घेतले. तेव्हापासून वाईहून पसरणी घाट चढताना ॲक्सिलरेटर दाबला की बोनेटखाली डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो. सपाटीला काही नाही, उलट पिकअप जरा वाढलाय. इंजिन गरम असताना स्टार्टर मारला की मधेच अडतो, कुणी उलटा धक्का दिल्यासारखा. मिस्त्री म्हणतात, "इथेनॉलवाल्या पेट्रोलने होतं, चालायचंच." मला पटत नाही. टायमिंग लाईट (ठिणगीबरोबर चमकून टायमिंगची खूण दाखवणारा दिवा) घेऊ? की सरळ पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक किट टाकू?

ग्रीसचे_हात:
इथेनॉलवर बिल फाडू नका. त्याने ऑक्टेन (पेट्रोलची खडखड न होऊ देण्याची ताकद) वाढतो, कमी होत नाही. टायमिंग ॲडव्हान्स झालंय, म्हणजे ठिणगी वेळेआधी पडतेय, स्टार्टर अडतोय त्यावरूनच कळतं. आणि त्यासाठी डेल्कोला (डिस्ट्रिब्युटर, ठिणगी सिलिंडरांना वाटणारा भाग) कुणी हात लावायलाच हवा असं नाही. पॉइंटची गॅप जास्त राहिली की पॉइंट लवकर उघडतो आणि ठिणगी लवकर पडते. म्हणून आधी गॅप, नंतर टायमिंग. उलट केलंत तर सगळं पुन्हा करावं लागेल.

रोटर (डेल्कोच्या कॅपखाली फिरणारा तुकडा) काढा. डेल्कोतल्या कॅमचा उंचवटा पॉइंटच्या टाचेवर येईपर्यंत इंजिन फिरवा आणि साधारण ०.४५ मिमी गॅप ठेवा. फिलर गेजची (गॅप मोजायच्या पट्ट्या) पाती हलकी घासत जायला हवी. पाती आधी पेट्रोलने पुसून घ्या, तेलकट पातीने नवा पॉइंट लगेच काळा पडतो. टाचेला मात्र ग्रीसचा एक कण हवाच, नाहीतर ती झिजते, गॅप मिटत जाते आणि टायमिंग हळूहळू रिटार्ड होतं, म्हणजे ठिणगी उशिरा पडते.

मग रोटर परत बसवा आणि १२ व्होल्टचा बल्ब घ्या. एक वायर डेल्कोच्या बारीक टर्मिनलला (कॉइलकडून येते ती), दुसरी बॉडीला. चावी ऑन. टॉप गिअर टाकून गाडी पुढे ढकलत पुलीवरची खूण कव्हरवरच्या खुणेपाशी आणा. रोटरचं तोंड कॅपमधल्या एक नंबरच्या वायरकडे हवं. चार नंबरकडे असेल तर पुलीचा आणखी एक पूर्ण फेरा. खूण पुढे गेली तर तेवढीच मागे घेऊ नका, बरंच मागे जाऊन पुन्हा पुढे या, नाहीतर चेनची ढील मापात येते. आता डेल्कोचा बोल्ट सैल करून तो रोटर फिरतो त्या दिशेने थोडा वळवा, बल्ब विझेल. मग उलट दिशेने केसभर केसभर आणा. बल्ब पेटला की थांबा, तिथेच आवळा.

टॉपगिअर:
बल्बने काम होतं, पण लाईट असलेली बरी. आयडलवर खूण स्थिर दिसते का नाचते, आणि रेस दिल्यावर सरकते का, हे बल्ब सांगत नाही. सरकत नसेल तर डेल्कोतली वजनं (वेग वाढला की ठिणगी आधी आणणारी) गंजून अडकलीत. डेल्कोला व्हॅक्युमची नळी असेल तर बघताना ती काढून तोंड बंद करा.

किट टाकाच. मी टाकलंय, पॉइंटची कटकट संपली.

ग्रीसचे_हात:
किट चांगलं, पण दुखणं शोधल्यावर. आणि घाटात रात्री पॉइंट बिघडला तर नेलफाइलने घासून घरी येता येतं. किट गेलं तर टोईंग.

काळीपिवळी:
मुंबईत टॅक्सींवर हात बसला माझा. २०२३ च्या ऑक्टोबरात शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली तेव्हा घरात कुणी गेल्यासारखं वाटलं होतं. असो. आमच्याकडे लाईट कुणाकडे असायची? सपाटीला टॉपमध्ये चाळीसवर गाडी आणायची आणि ॲक्सिलरेटर एकदम दाबायचा. क्षणभर बारीक टिकटिक होऊन थांबली तर बरोबर. चालूच राहिली तर जरा रिटार्ड. काहीच नाही आणि गाडी जड वाटते तर जरा ॲडव्हान्स. बल्बने बसवल्यावर हे करून बघाच.

डोंगरवाट:
केलं! ०.४५ ची पाती टाकली तर आरपार लटकत गेली, ०.६५ कुठे घासायला लागली. गॅप नीट केल्यावर बल्ब लावला, तर तो खुणेच्या अगदी जवळ पेटला. डेल्को जेमतेम नखभर हलवावा लागला. काल चार माणसं घेऊन पाचगणीला गेलो, एका वळणावर जरा टिकटिक, बाकी घाट शांत. बाबा म्हणाले, आता आवाज ओळखीचा वाटतोय.

एकच शंका. रोटरचा शाफ्ट बोटांनी धरून हलवला तर आडवा किंचित हलतो. चालेल का?

ग्रीसचे_हात:
चारही उंचवट्यांवर गॅप मोजा. चारही जवळपास सारख्या तर सध्या सोडून द्या. बराच फरक दिसला तर बुश (शाफ्टला आधार देणारी नळी) गेलाय, मग प्रत्येक सिलिंडरचं टायमिंग वेगळं पडतं. डेल्को उतरवून लेथवाल्याकडे द्या, तो ब्रॉंझचा बुश करून देईल. उतरवण्याआधी रोटरचं तोंड कुठे आहे त्याचा फोटो काढा आणि डेल्कोच्या बॉडीवर व इंजिनच्या ब्लॉकवर खडूने रेघ मारा. मी एकदा विसरलो होतो, अख्खा रविवार गेला.