‘डू द नीडफुल’ पत्रातून काढावं की राहू द्यावं?

नौपाडाकर
सोसायटीचं पत्र असो की ऐरोली-महाप्याच्या कंपनीतला ईमेल, शेवटची ओळ ठरलेली: ‘काइंडली डू द नीडफुल ॲट द अर्लिएस्ट’. माझ्या मते ती सरळ काढून टाकावी. व्याकरणाने ती चूक नाही. जुन्या ब्रिटिश पत्रव्यवहारात रूढ होती, तिकडे मागे पडली, आपल्याकडे टिकली. पण काम कुठलं, कधीपर्यंत, हे तिच्यात नसतं. पाण्याचं बिल जास्त आल्याची तक्रार केलीत. आता मीटर तपासायचा, बिल दुरुस्त करायचं की नुसता खुलासा द्यायचा? वाचणारा त्यातलं सोपं तेवढं करून मोकळा होतो. त्यापेक्षा लिहा: ‘प्लीज टेस्ट द मीटर अँड सेंड अ रिव्हाइज्ड बिल बाय १५ जून’.

वाशीवाला
अजिबात पटलं नाही. सिडकोकडे घर हस्तांतरणाचा अर्ज करताना काम काय, प्लॉट आणि सेक्टर कुठला, हे विषयातच येतं. खाली ‘डू द नीडफुल’ म्हणजे आपलं ‘योग्य ती कार्यवाही व्हावी, ही विनंती’. फाइल कुठल्या टेबलावर जावी हे अर्जदाराने ठरवायचं नसतं. प्रत पाठवतानाही ‘माहितीसाठी व आवश्यक कार्यवाहीसाठी’ असंच लिहितात. वरचा मजकूर नीट असेल तर ही ओळ कुठे अडते?

घोडबंदर रोड
खरा घोळ ‘ॲट द अर्लिएस्ट’चा आहे. ‘रिप्लाय बाय मंडे ॲट द अर्लिएस्ट’ लिहिणाऱ्याला सोमवारच्या आत उत्तर हवं असतं, पण ‘मंडे ॲट द अर्लिएस्ट’ म्हणजे सोमवारच्या आधी नाहीच! तिथे ‘ॲट द लेटेस्ट’ हवं, किंवा नुसतं ‘बाय मंडे’ पुरे. ‘ॲट युअर अर्लिएस्ट कन्व्हीनियन्स’सुद्धा मुदतीच्या कामात नको, कारण सवड समोरच्याची ठरते.

नौपाडाकर
@वाशीवाला, प्रत पाठवण्यापुरतं मान्य. पण अमेरिकेतल्या क्लायंटला हीच ओळ गेली की त्याला ती हुकूम वाटते, नाहीतर कळतच नाही. तो परत विचारतो, तुम्ही परत लिहिता.

वाशीवाला
क्लायंटच्या ईमेलपुरतं मान्य, तिथे नकोच. मात्र सरकारी अर्जात मनाने ‘बाय १५ जून’ टाकून कोणी बांधील होत नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली सेवा अधिसूचित असेल तर तिची ठरलेली मुदत बघा आणि कायद्याच्या नावासकट तीच लिहा. नसेल तर ‘योग्य ती कार्यवाही’च ठेवा.