मदत हवी आहे: पणजीतल्या टेक परिषदेला बीजभाषणासाठी वक्ता हवा, तातडीने

साळावली
नमस्कार मंडळी. आमच्या परिषदेचे मुख्य वक्ते आज सकाळी गळाले. तब्येतीचं कारण आहे, त्यामुळे आग्रहही करता येत नाही. पत्रिका छापून झाल्यात आणि उद्घाटनानंतरचा अख्खा तास रिकामा पडलाय. कुणीतरी चांगला वक्ता सुचवा, शक्यतो नावाजलेला. फोन करकरून दमले, जो तो "बघून सांगतो" म्हणतो. कृपया लवकर.

निळी_शाई
ताई, परिषद कधी आहे? विषय काय? समोर कोण बसणार? मराठीत बोलायचं की इंग्रजीत? यातलं काहीच लिहिलेलं नाही, मग सुचवायचं कुणाला?

कुळागर
माशेलकर सरांना विचारा. जन्म आपल्या माशेलचा, १९९५ ते २००६ सीएसआयआर या सरकारी वैज्ञानिक संशोधन संस्थेचे महासंचालक. हळदीचं अमेरिकन पेटंट १९९७ मध्ये रद्द झालं ते त्यांच्याच कारकिर्दीतल्या लढ्यामुळे. कॉलेजात असताना त्यांचं भाषण ऐकलं होतं, अजून विसरलो नाही. त्यांच्यापुढे दुसरं नाव नाही.

साळावली
पुढच्या शुक्रवारी आहे. इंग्रजीत. इफ्फी चित्रपट महोत्सव चालू असल्यामुळे हॉटेलं भरलेली, बाहेरून येणाऱ्याला खोली मिळवणंही कठीण झालंय.

निळी_शाई
@कुळागर, सरांबद्दल आदर आहेच, पण ऐंशी ओलांडलेल्या माणसाला आठवड्यावर आलेल्या कार्यक्रमाचं आमंत्रण देऊ नये. अशी माणसं महिनोन् महिने आधी ठरलेली असतात.
@साळावली, विषय अजून सांगितला नाहीत.

दुपारचा_चहा
मोरजी-आश्वेच्या किनाऱ्यावर सध्या युरोपातले कितीतरी सॉफ्टवेअरवाले येऊन राहिलेत. माझ्या ओळखीचा एक जर्मन आहे, रोबोटिक्समधला, बोलतो उत्तम. विचारू का? मानधनही घेणार नाही.

खाडीपलीकडे
असं चुकूनही करू नका. टुरिस्ट व्हिसावर आलेल्याला परिषदेच्या व्यासपीठावर उभं करता येत नाही. त्यासाठी कॉन्फरन्स व्हिसा वेगळा असतो आणि परिषदेला गृह मंत्रालयाची परवानगी लागते. उद्या चौकशी झाली तर तो अडकेल आणि आयोजकही.

दुपारचा_चहा
तासभर चार शब्द बोलला तर कोण विचारायला येतंय?

खाडीपलीकडे
पत्रिकेत नाव, वर्तमानपत्रात फोटो. विचारायला वेळ लागत नाही. माझ्या मते वक्त्याला प्रत्यक्ष आणायचा हट्टच सोडा, बंगळुरू-पुण्याहून व्हिडिओवर घ्या. १९६८ च्या ९ डिसेंबरला सॅन फ्रान्सिस्कोत डग्लस एंगलबार्ट या संगणक संशोधकाने दीड तासाचं जे प्रात्यक्षिक दिलं, त्यात संगणक आणि सहकारी होते पन्नासेक किलोमीटरवरच्या मेन्लो पार्कला. मायक्रोवेव्हच्या दुव्यावरून पडद्यावर दाखवले. माऊस, हायपरटेक्स्ट म्हणजे क्लिक करून एकातून दुसरीकडे जाता येणारा मजकूर, दोन ठिकाणची माणसं एकाच मजकुरावर काम करतायत, सगळं त्या एका सत्रात. तेव्हा जमलं, तर आता का नाही?

अबोली
पण एंगलबार्ट स्वतः सभागृहात बसला होता ना! दूर होतं ते यंत्र. बोलणारा माणूस समोर हवाच, पडद्यावरच्या चेहऱ्यापुढे लोक मोबाईल काढतात.

कुळागर
नाव मोठं असेल तर नाही काढत. कोसंबी व्याख्यान महोत्सवाला कला अकादमी भरते ती वक्त्यांच्या नावामुळेच.

पाटो_पूल
जागा ठरली नसेल तर मिनेझिस ब्रागांझा संस्थेचं सभागृह बघा. प्रवेशाजवळच्या त्या निळ्या आझुलेजुश, म्हणजे पोर्तुगीज चित्रांच्या फरशा बाहेरगावच्या पाहुण्यांना दाखवायलाच हव्यात. पार्किंगचं मात्र आझाद मैदानापाशी अवघड आहे.

साळावली
जागा ठरलेली आहे हो, हॉटेलात आहे! विषय एम्बेडेड सिस्टीम, म्हणजे यंत्रांच्या आत बसवलेले छोटे संगणक, आणि सेन्सर. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या लहान कंपन्यांचे अभियंते आणि फर्मागुडीच्या अभियांत्रिकी कॉलेजचे विद्यार्थी, साधारण दोनशेजण. नोंदणी पूर्ण झालीय.

अबोली
हे आधी कळलं असतं तर! मग दोनापावलला जा, एनआयओत, म्हणजे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत. त्यांनी 'माया' नावाचं पाण्याखालचं स्वयंचलित वाहन बनवलंय. टॉर्पेडोच्या आकाराचं, साधारण माणसाच्या उंचीएवढं. पाण्याखाली गेलं की जीपीएस बंद, कारण ते रेडिओ संदेश समुद्राच्या पाण्यात शिरतच नाहीत. मग वाहनाला आपण कुठे आहोत ते कसं कळणार? तळाकडे ध्वनिलहरी सोडायच्या, परत येणाऱ्या लहरींच्या बदलावरून वेग काढायचा, दिशा होकायंत्रावरून, खोली पाण्याच्या दाबावरून, आणि त्यावरून जागेचा हिशेब मांडत राहायचा. वेगातली बारीकशी चूकही हळूहळू साठत जाते, म्हणून मधूनमधून वर येऊन जीपीएस घ्यायचं. बॅटरी मर्यादित, बिघाड झाला तर हात लावायला कुणी नाही. वेर्ण्यात बोर्ड बनवणाऱ्या पोरांना याहून जवळचं काय असेल? ज्याने हे जोडलंय, समुद्रात सोडलंय आणि परत येतंय का याची होडीत बसून वाट पाहिलीय, त्याला बोलवा. हॉटेलची खोली लागणार नाही, गाडी पाठवली की झालं.

कुळागर
शास्त्रज्ञ चांगले असतील, पण बीजभाषण म्हणजे दृष्टी द्यायची असते, प्रयोगशाळेचा अहवाल नव्हे.

अबोली
बाब, दोनशे अभियंत्यांना "भविष्य उज्ज्वल आहे" हे तासभर ऐकवून काय मिळणार? नोंदणी झालीय, गर्दी जमवायचा प्रश्नच नाही. त्यांना अडलेलं काम कसं सोडवलं ते ऐकू द्या.

निळी_शाई
अबोलीताईंशी सहमत. मात्र सरकारी संस्थेतल्या शास्त्रज्ञाला वरिष्ठांची परवानगी लागते. परस्पर फोन करून भागत नाही. त्यांच्या संचालकांच्या नावे तुमच्या संस्थेच्या लेटरहेडवर पत्र लिहा, त्यात विषय, वेळ, श्रोते आणि मानधन आहे की नाही हे स्पष्ट घाला. आजच पाठवा, शनिवार-रविवार मध्ये येतोय. ते नाहीच जमलं तर बिट्स पिलानीच्या गोवा कॅम्पसला किंवा आयआयटीला विचारा.

हिशेबनीस
मानधन देणार असाल तर दहा टक्के टीडीएस कापायला विसरू नका, पॅन आधीच मागून घ्या.

खाडीपलीकडे
थेट प्रात्यक्षिक ठेवणार असाल तर हॉटेलच्या वायफायवर विसंबू नका. २०१० मध्ये आयफोन ४ दाखवताना स्टीव्ह जॉब्सचंही वायफाय अडकलं, शेवटी लोकांना आपापली उपकरणं बंद करायला सांगावं लागलं. व्यासपीठापर्यंत वायर टाकून घ्या आणि आदल्या संध्याकाळी सगळं चालवून बघा.

साळावली
पत्र ईमेलने पाठवलं, दुपारी स्वतः जाऊन प्रतही देऊन आले. सोमवारी सांगतो म्हणालेत. अबोलीताई, देव बरें करूं. बिट्सच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागात कुणाची थेट ओळख असेल तर व्यनि करा, सोमवारपर्यंत हातावर हात ठेवून बसवणार नाही.

दुपारचा_चहा
व्यनि केलाय, भाचा तिथेच शिकतो, त्याच्या प्राध्यापकांशी बोलून घेईल. आणि एक, नोंदणी न केलेल्यांना त्या पहिल्या तासाला येता येईल का? 'माया'बद्दल मलाही ऐकायचंय.