विज्ञानकथा-अद्भुतकथा लिहिणारे स्वतंत्र लेखक आणि छोटे प्रकाशक शोधायचे कुठे?

वाचनखूण:

नमस्कार. शाळेत असताना नारायण धारपांच्या कादंबऱ्या वाचनालयातून आणून पांघरुणात वाचल्या, पुढे डॉ. जयंत नारळीकर, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, शुभदा गोगटे यांच्या विज्ञानकथा वाचल्या, आणि आता चाळिशी ओलांडल्यावर लक्षात येते आहे की माझे वाचन याच नावांपाशी थांबले आहे. आज या प्रकारात कोणी लिहीतच नसेल, असे मला वाटत नाही. ते लेखन माझ्यापर्यंत पोहोचत नाही, ही खरी अडचण आहे.

आमच्या शहरातील दुकानात विज्ञानकथा मागितली की मला बालसाहित्याच्या कपाटाकडे नेले जाते. अद्भुतकथा मागितली तर गाजलेल्या इंग्रजी मालिकांचे अनुवाद समोर ठेवले जातात आणि भयकथा मागितली तर पुन्हा धारपच हाती येतात. लेखकांनी स्वतःच प्रसिद्ध केलेली तीन ई-पुस्तकेही विकत घेतली. त्यांपैकी एकात पहिल्या प्रकरणात ‘मृणाल’ असलेली नायिका तिसऱ्या प्रकरणात ‘मृणालिनी’ झाली होती आणि पाचव्यात ‘मृण्मयी’. कल्पना मात्र उत्तम होती, म्हणून अधिकच हळहळ वाटली. मोठा प्रकाशक पाठीशी नसलेले चांगले लेखन सापडते कुठे, आणि पैसे खर्च करण्यापूर्वी ते ओळखावे कसे, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पिंपळपान:

आपण शोधाची सुरुवात पुस्तकापासून करत आहात; ती अंकापासून करून पाहावी, असे मी सुचवेन. ‘मनोरंजन’ने 1909 साली पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी कथेचे पहिले घर बहुतांशी अंक हेच राहिले आहे. कथा आधी तिथे छापून येते आणि तिचे पुस्तक झालेच तर बऱ्याच वर्षांनी होते. त्यामुळे दुकानात पुस्तकाची वाट पाहणारा वाचक लेखकाला नेहमी उशिरा भेटतो. ‘नवल’, ‘धनंजय’ यांसारख्या अंकांनी गूढ, अद्भुत आणि रहस्यकथांना वर्षानुवर्षे जागा दिली, आणि मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेने तर नवे लेखक शोधण्याचे काम नेमाने केले.

1974 साली या स्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने आलेल्या ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. आपल्या नावाची आद्याक्षरे उलटी करून ते टोपणनाव घेणारे लेखक म्हणजे डॉ. नारळीकर. खगोलशास्त्रज्ञ म्हणून त्यांची कीर्ती तोवर सर्वदूर झाली होती, परंतु परीक्षकांसमोर होती ती केवळ कथा. लेखकाचे नाव बाजूला ठेवून, मजकूर वाचून कोणीतरी निवड करणे, ही गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. त्यामुळे अनोळखी लेखक हाती घेताना मी प्रथम पाहतो ते हे, की त्याची कथा कोणी निवडली.

माझी पद्धत सांगतो. गेली बारा वर्षे मी एक दोनशे पानी वही ठेवली आहे. आमच्या वाचनालयाची दिवाळी अंक योजना आहे. ठरावीक वर्गणी भरली की पुढचे काही महिने अंक बदलून नेता येतात. प्रत्येक अंकाची अनुक्रमणिका वाचून मी ओळखीची नावे सोडून देतो आणि अनोळखी नावाची कथा आधी वाचतो. कथा आवडली तर वहीत लेखकाचे नाव, अंक, वर्ष आणि संपादकाचे नाव लिहितो. तीन-चार वर्षांनी असे दिसू लागले की मला आवडलेल्या पंधरा कथांपैकी नऊ कथा अवघ्या तीन संपादकांनी घेतलेल्या होत्या. तेव्हापासून मी लेखकांइतकाच संपादकांचाही माग काढतो. एखादा संपादक एका अंकातून दुसऱ्या अंकात गेला, तर मीही त्याच्यामागे जातो.

आपण मागितलेला प्रकार अंकात ‘विज्ञानकथा’ याच शीर्षकाखाली असेल, असे मात्र धरून चालू नये. आपल्याकडे या साऱ्या लेखनाला सामावून घेणारा एक शब्द रुळलेला नाही. त्यामुळे उत्तम अद्भुतकथा पुष्कळदा नुसत्या ‘कथा’ विभागात असते, आणि ती वाचल्याखेरीज कळत नाही.

कागदशाई:

मी आणि माझी मैत्रीण मिळून एक लहान प्रकाशन चालवतो, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहिते.

आमच्या पहिल्या भयकथासंग्रहाच्या आम्ही 300 प्रती काढल्या. वितरकाला आणि दुकानदाराला द्यावी लागणारी सवलत छापील किमतीच्या निम्म्यापर्यंत जात होती, आणि न खपलेल्या प्रती कोपरे दुमडून परत येत होत्या. दुसऱ्या पुस्तकापासून आम्ही दुकानांचा नाद सोडला. आता पुस्तकाची घोषणा करून आधी नोंदणी घेतो, आलेल्या पैशांतून कागदाचा खर्च भागवतो आणि प्रती टपालाने पाठवतो. नवीन असे यात काहीच नाही. ‘ग्रंथाली’ने 1970 च्या दशकात वाचक चळवळ उभी केली, ती याच प्रकाशनपूर्व नोंदणीच्या बळावर. सांगायचे एवढेच की आमच्यासारख्यांचे पुस्तक दुकानात दिसत नाही, याचा अर्थ ते नाकारले गेले असा होत नाही. ते पुष्कळदा दुकानात ठेवणे परवडतच नसते.

ओळखायचे कसे, याचे उत्तर श्रेयपानावर असते. मुखपृष्ठ उलटल्यावर येणारे ते बारीक अक्षरांतले पान बहुतेक वाचक ओलांडून जातात. तिथे संपादक आणि मुद्रितशोधक यांची नावे आहेत का, संग्रहातील कथा पूर्वी कोणत्या अंकात आल्या याची नोंद आहे का, हे पाहावे. नुसत्या आयएसबीएनवर, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळख-क्रमांकावर, मात्र विसंबू नये. भारतात तो क्रमांक विनामूल्य मिळतो आणि लेखकाला स्वतःच्या नावानेही घेता येतो, त्यामुळे मजकूर कोणी तपासला आहे हे त्यावरून सिद्ध होत नाही.

आपल्या ‘मृणाल’बद्दल वाचून मला वाईट वाटले, कारण माझ्या स्वतःच्या पहिल्या कादंबरीच्या बाबतीत असेच घडले. ‘संपादनासह संपूर्ण सेवा’ म्हणून एका कंपनीने माझ्याकडून 28 हजार रुपये घेतले, आणि पुस्तक हाती आले तेव्हा एक प्रकरण दोनदा छापलेले होते. हस्तलिखित कोणी एकदाही वाचले नव्हते. पैसे घेऊन छापणारा आणि स्वतःचे पैसे घालून छापणारा, या दोघांनाही आज ‘प्रकाशक’च म्हटले जाते. दुसऱ्या प्रकारच्या माणसाला आपले पुस्तक खराब निघणे परवडत नाही, म्हणून तो कथा परत पाठवतो, भांडतो, शेवट बदलून मागतो. वाचकाने अशा माणसाचे नाव लक्षात ठेवावे, अशी माझी मनापासून विनंती आहे.

उत्तरध्रुव:

मी सध्या अमेरिकेत असतो. इंग्रजीतही हाच प्रश्न आहे, फक्त वाचकांनी तिथे काही वाटा तयार केल्या आहेत. ‘स्ट्रेंज होरायझन्स’ हे नियतकालिक 2000 सालापासून इंटरनेटवर विनामूल्य वाचायला मिळते, आणि पिंपळपान यांनी अंकांविषयी जे लिहिले ते इथेही लागू पडते. भारतीय लेखकांसाठी दोन नावे आवर्जून सांगेन. चेन्नईच्या ‘ब्लाफ्ट’ने 2008 साली तमिळमधील स्वस्त मासिकांतल्या रहस्य, भय आणि विज्ञानकथांचा इंग्रजी संग्रह काढला. बसस्थानकावर विकले जाणारे आणि साहित्य म्हणून कोणी मोजत नसलेले ते लेखन त्यामुळे दूरवरच्या वाचकांच्या हाती पडले. आपल्याकडच्या रहस्यकथा मासिकांसाठी कोणी असे काम केले, तर मला फार आनंद होईल. दिल्लीच्या ‘झुबान’ने 2012 साली रामायणावरून स्फुरलेल्या विज्ञान-अद्भुतकथांचा इंग्रजी संग्रह काढला. त्याच्या दोन संपादकांपैकी एक असलेल्या वंदना सिंह यांचा 2018 चा कथासंग्रह अमेरिकेत ‘स्मॉल बिअर प्रेस’ने छापला. गॅव्हिन ग्रँट आणि केली लिंक या लेखक दांपत्याने सुरू केलेली ही छोटी संस्था आहे. एका छोट्या प्रकाशकाचे पुस्तक आवडले की त्याची संपूर्ण यादी वाचावी, हे मी याच संस्थेमुळे शिकलो.

स्वतः प्रसिद्ध केलेल्या पुस्तकांसाठी कादंबरीकार मार्क लॉरेन्स यांनी 2015 पासून एक स्पर्धा चालवली. तिच्यात अद्भुत कादंबऱ्या लिहिणाऱ्या स्वतंत्र लेखकांची 300 पुस्तके घेतली जात आणि ती दहा परीक्षकांत, म्हणजे समीक्षा लिहिणाऱ्या दहा वाचकगटांत, वाटली जात. प्रत्येक गट आपल्या वाट्याच्या तिसांतून एक निवडत असे, आणि ती दहा पुस्तके मग सर्व गट वाचून गुण देत. विजेत्याला मोठी रक्कम मिळत नसे; मिळत ते वाचक. आपण दहा जण जमलो आणि प्रत्येकाने वर्षाला मराठीतील दोन अनोळखी पुस्तके वाचून त्यांवर प्रामाणिकपणे लिहिले, तरी वीस पुस्तकांची नोंद होईल.

शक्य तेव्हा पुस्तक थेट प्रकाशकाकडूनच घ्यावे. शेकडो छोट्या प्रकाशकांची पुस्तके वितरित करणारी बर्कलीची ‘स्मॉल प्रेस डिस्ट्रिब्यूशन’ ही संस्था मार्च 2024 मध्ये अचानक बंद पडली, तेव्हा अनेकांच्या प्रती आणि येणी अडकून राहिली. ज्यांच्याकडे वाचकांचे स्वतःचे पत्ते होते, त्यांना निदान पुढच्या पुस्तकाची खबर तरी देता आली.

वाचनखूण:

आपणा तिघांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री कपाटातले जुने अंक काढून बसलो. एका अंकात समुद्राखाली गेलेल्या कोकणातील गावाची एक कथा सापडली. ती मी त्या वेळी वाचून विसरलो होतो, आणि लेखिकेचे नाव तर पाहिलेही नव्हते. आता एकच शंका आहे. ज्या ई-पुस्तकाला संपादकच नाही आणि ज्याची कथा कोणत्याही अंकात आलेली नाही, ते सरळ सोडून द्यावे काय?

पिंपळपान:

सोडू नये. नमुन्यादाखल मिळणारी पाने मोठ्याने वाचून पाहावीत. शुद्धलेखनाच्या चुका मी माफ करतो, पण कथेतील जगाचे नियम लेखकाला ठाऊक आहेत की नाहीत, हे दहा पानांत कळते. आवडले तर पुस्तक घ्यावे आणि लेखकाला सापडलेल्या चुका पृष्ठक्रमांकासह कळवाव्यात. ई-पुस्तकात त्या दुरुस्त करता येतात, आणि मी ज्यांना असे कळवले त्या चार लेखकांपैकी तिघांनी त्या केल्या. आपल्या ‘मृणाल’च्या लेखकालाही एकदा लिहून पाहावे. समुद्राखालच्या गावाच्या त्या कथेचा अंक आणि वर्षही कृपया इथे द्यावे. माझ्या वहीत ती नाही.