मानेतून डोक्यात चमक जाते, नर्व्ह ब्लॉक घ्यावा का?

नमस्कार मंडळी. कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, पटवेकऱ्याचं काम करतो. साज, ठुशी, बोरमाळ गाठवून द्यायची, म्हणजे दिवसभर मान खाली.

पावसाळ्यापासून उजवीकडं, मान जिथं कवटीला लागते तिथनं, करंट बसल्यागत चमक उठते आणि डोक्यावरून थेट डोळ्यामागं जाते. टिकते दोन-तीन सेकंद, पण हातातला दोरा सुटतो. एरवी ठणका असतोच. कंगवा फिरवला तरी झोंबतं, त्या बाजूला उशी टेकवत नाही.

आधी अर्धशिशी म्हणाले, मग स्पॉन्डिलायटिस. मानेचा पट्टाही लावून झाला. शेवटी न्यूरोच्या डॉक्टरांनी कवटीखाली एका जागी बोट दाबलं आणि मी कळवळलोच. ऑक्सिपिटल न्यूराल्जिया म्हणे. मानेच्या वरच्या मणक्यांतनं निघालेली नस स्नायूंतून डोक्याच्या कातडीत जाते, ती आवळली की असं होतं. एमआरआयमध्ये काही नाही. प्रीगाबॅलिन या नसेच्या दुखण्यावरच्या गोळीनं ठणका उतरलाय, पण गुंगी एवढी की मणी ओवताना डोळे मिटतात. आता त्या जागी नस बधिर करायचं इंजेक्शन, म्हणजे नर्व्ह ब्लॉक, घ्या म्हणतात. कुणी घेतलंय का? गुण किती टिकतो? आमचे एक पाहुणे तर मान मोडून घे म्हणून मागं लागलेत.

प्रतिसाद:
दादा, मान मोडायला अजिबात जाऊ नका. झटक्यानं मेंदूकडं जाणाऱ्या रक्तवाहिनीला चीर जाऊन लकवा होऊ शकतो.

ब्लॉक मी घेतलाय. बधिर करणारं औषध, सोबत थोडं स्टेरॉइड. सुई टोचते तेवढंच. दुखणं तिथल्या तिथं थांबलं तर निदानही पक्कं होतं. मला दिवाळीपर्यंत आराम पडला. कुणाला काही आठवडेच पडतो, कुणाला कित्येक महिने. शुगर किंवा रक्त पातळ व्हायची गोळी असेल तर आधी सांगा. गुंगीचंही सांगा, डोस बदलून देतील. गोळी मनानं एकदम बंद करू नका. आणि कामाचा पाट उंच करून घ्या, नाहीतर दुखणं पुन्हा हजर.

ताप येऊन मान ताठली, हातातली ताकद गेली किंवा बोलणं अडखळलं तर मात्र तडक कॅज्युअल्टी गाठा.

धागाकर्ता:
ताई, शुगर काठावर आहे, विचारतो. लगीनसराई तोंडावर आहे. त्याच दिवशी कामाला बसता येईल का?

प्रतिसाद:
त्या दिवशी राहू दे. गाडीही स्वतः चालवू नका, कुणाला तरी सोबत न्या. मी दुसऱ्या दिवशी शाळेत तास घेतले होते.