जुनापाणीची दगडी वर्तुळं म्हणजे खरंच वेधशाळा होती का?

काटोल_नाका:
मंडळी, रविवारी जुनापाणीला जाऊन आलो. नागपूरपासून काटोल रोडनं दहाएक किलोमीटर, इतकी वर्षं रस्त्यावरून जातोय पण कधी उतरलो नव्हतो. माळावर जिकडे पाहावं तिकडे काळ्या दगडांची वर्तुळं, अर्धे दगड मातीत आणि अर्धे गवतात, आणि काही दगडांवर ओळीनं छोटे खोलगट खळगे, बोट फिरवलं की कळतं हे पावसापाण्याचं काम नाही, कोणीतरी बसून कोरलंय. सोबतचा मित्र म्हणे ही आपली स्टोनहेंज (इंग्लंडमधलं ते प्राचीन दगडी वर्तुळ), इथून सूर्य बघायचे. मी मोबाईलचं होकायंत्र काढून एका वर्तुळाच्या मधून खळग्यांच्या दगडाकडे धरलं तर उत्तरेपासून ६५ अंश आले. २१ जूनचा सूर्योदय नागपुरात तिथेच होतो ना? म्हणजे मित्र बरोबर?

मातीचं_काम:
पहिली गोष्ट, या कबरी आहेत. लोहयुगातल्या महापाषाणी लोकांच्या, म्हणजे मोठे दगड रचून कबरी बांधणाऱ्यांच्या, साधारण इ.स.पू. १००० नंतरच्या. रिव्हेट-कार्नाक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं १८७९ मध्ये यावर लिहिलं, त्यानंही खळग्यांची नोंद केली होती. मग १९६१-६२ ला पुरातत्त्व खात्याच्या बी. के. थापरांनी इथं खोदलं, आत काळी-तांबडी भांडी, लोखंडाच्या वस्तू, घोड्याच्या जातीच्या जनावराची हाडं. नागपूरजवळच्याच माहूरझरीला तर माणसासोबत घोडा पुरलाय. म्हणून वेधशाळा म्हटलं की मला जरा खटकतं. दिशा पाहून पुरणं वेगळं, आकाशाचे वेध घेणं वेगळं. आपण आजही प्रेताचं डोकं कुठल्या दिशेला ते बघतोच की, म्हणून स्मशानाला कोणी वेधशाळा म्हणत नाही.

अर्धवट_खगोली:
६५ अंश बरोबर आहे, नागपूरच्या अक्षांशावर (२१ च्या आसपास) जूनचा सूर्योदय तिथेच, डिसेंबरचा ११५ ला. तीन हजार वर्षांपूर्वी फरक जेमतेम अर्धा अंश, म्हणजे सूर्याच्या बिंबाएवढा, तो सोडून द्या. पण गडबड दुसरीकडे आहे. वर्तुळ बारा मीटरचं धरा, तुम्ही मधोमध उभे, म्हणजे दगड सहा मीटरवर, आणि दगडाची रुंदी अर्धा मीटर. तो एकटा दगड क्षितिजाचे जवळपास पाच अंश झाकतो! दहा सूर्य शेजारी शेजारी बसतील. आणि मधोमध म्हणजे नक्की कुठे, ते पण आपणच ठरवणार. अशा मापानं काहीही कशाशीही जुळतं. त्यात होकायंत्र मोबाईलचं आणि दगड बेसाल्टचा, त्याच्यात स्वतःचंच चुंबकत्व असतं, फोन दगडावर ठेवून बघा सुई कशी नाचते ते.

एक वर्तुळ मोजून काही होत नाही, सगळी मोजावी लागतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या (टीआयएफआर) मयंक वाहियांच्या टीमनं तेच केलं, खळगे असलेली ५६ वर्तुळं घेतली आणि ते दगड कुठल्या बाजूला आहेत हे पाहिलं, तर विखुरलेले नाहीत, तीन गटांत पडतात. हे मला पटतं, म्हणजे दिशा ठरवून ठेवलेली होती. ती आकाशावरून ठरवली का, हा पुढचा प्रश्न, तिथं 'शक्यता आहे' एवढंच म्हणता येतं.

(स्टोनहेंजला वर्तुळात खणलेले ऑब्रे नावाचे खड्डे आहेत, ते पण ५६. योगायोग आहे, कृपा करून फॉरवर्ड बनवू नका.)

संत्र्याची_वाडी:
काय बोलून राहिले बे तुम्ही सगळे 😄 २१ जूनले विदर्भात सूर्योदय दिसते का? मिरगाचा पाऊस आला की पंधरा-पंधरा दिवस आभाळ. स्टोनहेंजवाल्यांचं ठीक आहे, तिकडे जून उन्हाळा. इकडच्या माणसाले पाहाचंच असन तर तो डिसेंबर पाहीन, आभाळ साफ, वावरात तूर उभी, थंडीत शेकोटीजवळ बसलेलाच असते तो.

अर्धवट_खगोली:
@संत्र्याची_वाडी हा मुद्दा कुठल्याच पेपरात वाचला नव्हता, भारी. अजून एक, स्टोनहेंजला सूर्य वर्षभरात पूर्वेच्या दोन्हीकडे चाळीस-चाळीस अंश सरकतो, आपल्याकडे पंचवीस-पंचवीसच. म्हणजे आपल्याकडे तेवढाच अचूकपणा हवा तर दगड अजून लांब लांब ठेवावे लागतील, आणि इथं तर सहा मीटर.

मातीचं_काम:
लांब रांगा बघायच्या तर कर्नाटकात विभूतीहळ्ळी, यादगीर जिल्ह्यात. तिथं दगड वर्तुळात नाहीत, ओळीत मांडलेत. नाहीतर तेलंगणातलं मुदुमल, तिथले उभे दगड २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेलेत. तिथल्या एका दगडावरचे खळगे म्हणजे सप्तर्षी असं म्हणतात, फोटोत मला तरी पटले, पण सात टिंबं दिसली की आपल्याला सप्तर्षीच दिसतात हेही आहेच.

काटोल_नाका:
म्हणजे माझे ६५ अंश गेले पाण्यात 😅 बरं, २२ डिसेंबरला पहाटे जातो, सूर्योदय पावणेसातच्या आसपास आहे. यावेळी टेप आणि साधं होकायंत्र घेऊन, दगडापासून लांब उभा राहून. निदान दहा वर्तुळं तरी मोजतो. कोणी येतंय का? चहाचा थर्मास माझ्याकडे.

संत्र्याची_वाडी:
मी येतो. गवतात पाहून चाला, मागच्या वेळी कुसळांनी माया पायजमा खाल्ला.