मदत हवी आहे: वडिलांचा पीएसए ३.६, वजन १०१ किलो. आधी वजन उतरवू की एमआरआय करू?

अंबड_रात्रपाळी
कोणीतरी लवकर सांगा. अण्णांचा पीएसए (प्रोस्टेट ग्रंथीसाठी करतात ती रक्ततपासणी) ३.६ आलाय. रिपोर्टवर शेजारीच ० ते ४ छापलंय, म्हणजे नॉर्मलच ना? तरी युरॉलॉजिस्टनी एमआरआय लिहून दिला. आमचे नेहमीचे डॉक्टर म्हणतात आधी वजन उतरवा, तीन महिन्यांनी बघू. आत्या म्हणते जाड माणसाला प्रोस्टेटचा कॅन्सर होतोच. अण्णा म्हणतात नॉर्मल आहे तर पैसे कशाला घालवायचे. वजनाचा आणि याचा नक्की काय संबंध आहे? एमआरआय पुढे ढकलू का? मी सोमवारची सुट्टी टाकली आहे, नंतर महिनाभर मिळणार नाही.

गोदाकाठ
वय किती, उंची किती? आधीचा पीएसए किती होता? लघवीत इन्फेक्शन होतं का? घरात आधी कोणाला प्रोस्टेटचा कॅन्सर झालाय? यातलं काहीच नाही, सांगणार काय कोणी?

अंबड_रात्रपाळी
वय ६४, उंची साडेपाच फूट. इन्फेक्शन नाही, घरात कोणाला नाही. बीपी सोडलं तर काही त्रास नाही त्यांना. कृपया मुद्द्याचं बोला.

पहाटे_पाचला
मुद्द्याचंच सांगतो. मी ९६ किलोचा होतो. कृषीनगरच्या ट्रॅकवर रोज पहाटे एक तास, रात्रीचा भात बंद, साखर बंद. वर्षात १८ किलो उतरलो. शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल सगळं खाली आलं. अण्णांना उद्यापासून बाहेर काढा, पीएसए आपोआप खाली येईल. मशिनींच्या मागे लागू नका.

निफाडचा_शेतकरी
टोमॅटो शिजवून थोड्या तेलात परतून रोज द्या. लाल रंगात जे असतं ते प्रोस्टेटला चांगलं. पिंपळगावला हंगामात मातीमोल जातो, आणि गुण बघा केवढे! सोबत व्हिटॅमिन ई-ची कॅप्सूल. माझे साडू घेतात.

गोळे_कॉलनी_मेडिकल
टोमॅटो खाऊ द्या, पण त्यावर विसंबून तपासणी टाळू नका. ई-ची कॅप्सूल मात्र नको. अमेरिकेत ३५ हजारांहून जास्त पुरुषांवर मोठी चाचणी झाली होती. २०११ मध्ये तिचे आकडे आले तेव्हा नुसतं व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांमध्ये प्रोस्टेट कॅन्सर १७ टक्के जास्त निघाला. काउंटरवर आजही लोक मागतात, मी हे सांगते.
भाऊ, मला एकच सांगा. अण्णांना लघवीसाठी काही गोळी चालू आहे का? 'बीपी सोडलं तर काही नाही' असं लिहिलंत, पण मग युरॉलॉजिस्टकडे गेलात कशासाठी?

अंबड_रात्रपाळी
हो, रात्री तीन-चार वेळा उठायचे म्हणून दीड वर्षापासून एक गोळी चालू आहे. ती साधी लघवीची आहे हो, त्याचा काय संबंध?

गोळे_कॉलनी_मेडिकल
संबंध असू शकतो. पाकिटावरचं कंपनीचं नाव नको, खाली बारीक अक्षरात औषधाचं नाव असतं ते वाचून लिहा. आधीचे पीएसएचे रिपोर्टही शोधा.

पंचवटी_एक्सप्रेसवाला
मुंबईला टाटा कॅन्सर हॉस्पिटलला जायचं असेल तर परळला उतरू नका, दादरला उतरून टॅक्सी सोपी पडते. केसपेपरसाठी पहाटेच पोहोचावं लागतं, म्हणून आदल्या दिवशी जा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेची चौकशीही करून ठेवा, रेशनकार्ड लागेल.

अंबड_रात्रपाळी
दादा, अजून काही निघालेलं नाही. आई हे माझ्या फोनवर वाचते.

अंबड_रात्रपाळी
ताई, पाकीट फ्रिजवरच्या डब्यात मिळालं. कात्रीने कापलेलं होतं, अर्धंच नाव दिसतंय: 'टॅम्सुलोसिन ०.४, ड्युटास्टे'. पुढचं फाटलंय. गोळी सुरू व्हायच्या आधीचा पीएसए ४.१, मागच्या वर्षीचा २.१, आताचा ३.६.

गोळे_कॉलनी_मेडिकल
ड्युटास्टेराइड आहे ते. टॅम्सुलोसिनने पीएसए बदलत नाही, पण ड्युटास्टेराइड सहा महिने ते वर्षभर घेतलं की तो साधारण निम्म्यावर येतो. म्हणून डॉक्टर मनात दुप्पट करून बघतात. ३.६ म्हणजे ७.२ धरायचा. अण्णांचा ४.१ वरून २.१ झाला तो या गोळीनेच. पण गोळी चालू असताना तो २.१ वरून परत ३.६ वर चढलाय. युरॉलॉजिस्टनी बहुतेक हेच बघितलं. रिपोर्टवरचं '० ते ४' ही गोळी न घेणाऱ्यांसाठी आहे.
आता वजन. साडेपाच फुटाला १०१ किलो म्हणजे बीएमआय ३६ च्या आसपास. आपल्याकडे २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात. थोराड शरीरात रक्तातला पाण्याचा भाग जास्त असतो. ग्रंथीतून तेवढाच पीएसए आला तरी तो जास्त रक्तात मिसळतो आणि आकडा कमी दिसतो. चिमूटभर मीठ पेल्याऐवजी तांब्यात टाकल्यासारखं. २००७ मध्ये अमेरिकेतल्या हजारो पेशंटच्या नोंदींवरून हे मांडलं गेलं. गुदद्वारातून बोटाने प्रोस्टेट तपासायलाही अशा माणसात अवघड जातं. म्हणजे अण्णांचा आकडा दोन कारणांनी दबलेला असू शकतो.

पहाटे_पाचला
मग वजनच कमी करा की! मी तेच म्हणतोय. लठ्ठपणानेच कॅन्सर होतो हे तुम्हीही मान्य केलंत.

गोळे_कॉलनी_मेडिकल
तसं नाही म्हणाले. लठ्ठ माणसाला प्रोस्टेटचा कॅन्सर होतोच असं नाही, आत्यांना हे नक्की सांगा. संबंध दिसतो तो जोमाने वाढणाऱ्या, उशिरा सापडणाऱ्या कॅन्सरशी. ऑपरेशननंतर तो परत येण्याचं आणि त्यात दगावण्याचं प्रमाणही लठ्ठ पुरुषांत जास्त दिसतं. पोटाच्या चरबीमुळे इन्सुलिन वाढतं, शरीरात बारीक सूज धुमसत राहते, हार्मोन बदलतात, ही कारणं सांगतात. तुमचं चालणं सोन्यासारखं आहे. पण चालल्याने आता आत काय आहे ते कळणार नाही.

पहाटे_पाचला
माझ्या अनुभवाला काही किंमतच नाही तर.

सिन्नर_नाका
आहे हो, पण माझंही ऐका. वडिलांना तीन वर्षांपूर्वी प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. पुरुषी हार्मोन दाबणारं इंजेक्शन, तीन महिन्यांनी एक. वर्षभरात नऊ किलो वाढले, सगळे पोटावर. मांड्या मात्र काड्या झाल्या, लेंगा नाडीला घट्ट आणि खाली लोंबायचा. शुगर निघाली. डॉक्टरांनी सांगितलं की या औषधाने चरबी वाढते, स्नायू आणि हाडं झिजतात, म्हणून चालण्यासोबत वजनंही उचलायची. आता ते दोन लिटरच्या पाण्याच्या बाटल्या घेऊन ओसरीवर व्यायाम करतात. वजनाचं काम पुढे आहेच, पण तपासणी अडवून नको. आमचे चार महिने 'बघू बघू' करण्यात गेले, ते मला अजून खातात.

भाबडा_प्रश्न
१०१ किलोचा माणूस एमआरआयच्या बोगद्यात मावतो का? आणि जाड माणसाला मूळव्याधीसाठी कोणता डॉक्टर चांगला?

गोदाकाठ
मावतो, १०१ ला अडचण येत नाही. मूळव्याधीसाठी वेगळा धागा काढा.
मूळ प्रश्नावर: एमआरआयमध्ये १ ते ५ असा पाय-रॅड्स स्कोअर देतात. १-२ आला तर पुष्कळदा नुसतं लक्ष ठेवतात, ४-५ आला तर बायोप्सी, म्हणजे सुईने तुकडा काढून तपासणी, सांगतात. एमआरआय म्हणजे लगेच सुई नव्हे, अण्णांना हे समजावा.

अंबड_रात्रपाळी
सगळ्यांचे आभार. आधी चिडून लिहिलं, माफ करा. युरॉलॉजिस्टना फोन केला. ते म्हणाले, हो, गोळीमुळे दुप्पट धरूनच लिहून दिलाय. घाईत मला समजावायचं राहिलं. सोमवारी साडेदहाची वेळ मिळाली, क्रिएटिनिनसाठी (किडनीची तपासणी) रक्त आज दिलं.
अण्णा प्रेसमध्ये हिशोबाला होते. त्यांना तिन्ही रिपोर्ट ओळीने लावून दिले. त्यांनी पाठकोऱ्या कागदावर स्वतः ३.६ गुणिले २ केलं, ७.२ खाली दोन रेघा मारल्या आणि चष्मा काढून ठेवला. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, सोमवारी किती वाजता निघायचं?
ताई, सकाळी बीपीची गोळी द्यायची का? उपाशी न्यायचं का?

गोळे_कॉलनी_मेडिकल
बीपीची गोळी चुकवू नका, घोटभर पाण्याबरोबर द्या. उपाशी आणायचं का ते सेंटरला आजच फोन करून विचारा, त्यांची पद्धत वेगळी असते. आणि तो फाटका पाकिटाचा तुकडा टाकू नका, सोबत न्या.