मदत हवी आहे: आईबाबांचा डीटीएच बंद करून अ‍ॅप लावून द्यावं का?

खाडीपलीकडे: आईबाबा गावी, मी पुण्यात. डीटीएचचा रिचार्ज मी इथून मारते, महिन्याला ३८०च्या आसपास. पाऊस लागला की नेमकं सात ते दहा या वेळात चित्र जातं, आईच्या सगळ्या मालिका तेव्हाच, मग मला फोन. कस्टमर केअरवाले दर वेळी "बॉक्स बंद करून चालू करा" एवढंच सांगतात. मालिका अ‍ॅपवर दिसतात तर डीटीएच ठेवायचा कशाला? कुठलं अ‍ॅप घेऊ तेवढं पटकन सांगा, रविवारी रिचार्ज संपतोय.

राउटर: घरी इंटरनेट कुठलं? टीव्ही स्मार्ट की साधा?

नारळीभात: चॅनल कुठले बघतात ते आधी सांगा. झी मराठी असेल तर झी५, स्टार प्रवाह असेल तर जिओहॉटस्टार, सोनी मराठी असेल तर सोनीलिव. आमच्या सासूबाई तिन्हीकडचं बघतात, तीन सबस्क्रिप्शन आणि वर इंटरनेट धरलं तर फारसं काही वाचलं नाही.

खाडीपलीकडे: इंटरनेट आहे, बाबांच्या फोनवर. टीव्ही चांगला आहे. प्रवाह आणि झी दोन्ही लागतं. बाबांच्या रिचार्जवर हॉटस्टार फुकट मिळालंय म्हणून तर विचारतेय.

राउटर: ताई, टीव्ही चांगला म्हणजे काय, मागे एचडीएमआय (स्टिक लावायची खाच) आहे का? आणि फोनवर रोजचा दीड-दोन जीबी असणार. एचडीला तासाला तीन जीबीपर्यंत जातो, क्वालिटी उतरवली तर एक धरा, आणि आई तीन तास बघतात. रिचार्जवरचं हॉटस्टार काही प्लॅनमध्ये मोबाईलपुरतंच असतं, टीव्हीवर चालत नाही, ते बघून घ्या. गावात फायबरचं इंटरनेट आलंय का विचारा, नसेल तर हा विषयच सोडा.

सह्याद्रीवाला: दूरदर्शनची डीडी फ्री डिश लावा! छत्री (डिश) आणि बॉक्सचे एकदाच पैसे, महिन्याला शून्य. सह्याद्री दिसतं, भारताच्या काही मॅच डीडी स्पोर्ट्सवर दिसतात.

नारळीभात: काका, त्यावर प्रवाह नाही, झी मराठी नाही, मग आईंनी बघायचं काय? आणि पावसात तीही छत्रीच ना.

सह्याद्रीवाला: आमच्याकडे पाच वर्षं चालू आहे, तक्रार नाही. मालिकांशिवायही माणूस टीव्ही बघतो.

तुळजाई: ४३ इंची ४के टीव्हीच नवा घ्या, सेल लागला की बऱ्यापैकी स्वस्त मिळतो.

माजघर: आईंना विचारलंत का? मी माझ्या आईला टीव्हीवर अ‍ॅप दाखवणारी स्टिक आणून दिली. रोज सात वाजता ती "प्रोफाइल निवडा" या पडद्यावर अडकायची आणि टीव्ही बंद करून बसायची. मला सांगायचीही नाही. डीटीएचवर तीन आकडे दाबले की चॅनल लागतो, म्हाताऱ्या माणसाला ते फार मोलाचं असतं. मी परत डीटीएच लावून दिला.

छत्रीवाला_चिपळूण: ताई, चित्र मुसळधार पावसात जातं की रिमझिमीतही? मी आठ वर्षं छत्र्या बसवतोय. जोराच्या सरीत पाच-दहा मिनिटं सिग्नल जाणारच, कुठल्याही कंपनीचा. पण साध्या पावसात जात असेल तर छत्री हललीय, समोर झाड वाढलंय नाहीतर एलएनबीच्या (छत्रीपुढच्या सिग्नल पकडणाऱ्या डबीच्या) पिनेत पाणी गेलंय. छत्रीचं तोंड आग्नेयेला असतं, तिकडे काय आहे?

खाडीपलीकडे: रिमझिमीतही जातं. आग्नेयेला हापूसचं कलम आहे, छत्री लावली तेव्हा ते छत्रीपेक्षा ठेंगणं होतं. थांबा, बाबांना फोटो काढायला सांगते.

बागायतदार: भर पावसात कलम छाटू नका. अगदीच फांदी काढावी लागली तर कापल्या जागी बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप) लावा, नाहीतर बुरशी शिरते.

राउटर: इथे टीव्हीचं चाललंय हो.

बागायतदार: झाडावर कुऱ्हाड चालवाल म्हणून बोललो. हापूस धरायला वर्षं जातात.

खाडीपलीकडे: फोटो आला. एलएनबीची पिन हिरवी पडलीय, वरची टेप सुटून लोंबतेय, आणि फांदी तर अर्ध्या छत्रीवर आलीय. बाबा कलमाला हात लावू देत नाहीत, छत्री हलवा म्हणतात. पडवीवरून गच्चीवर न्यायची तर वायर किती लांब चालेल? तूर्तास एका महिन्याचा रिचार्ज मारतेय. आणि हो, गावात फायबर नाहीये, विचारलं.

छत्रीवाला_चिपळूण: वीस-पंचवीस मीटरला काही होत नाही. आरजी-६ (डिशची जाड केबल) वायर घ्या, अखंड, मध्ये जोड नको. पिन नवी बसवा आणि वायरीला पिनेच्या आधी खाली एक वळसा द्या, म्हणजे पाणी तिथूनच गळून पडतं, आत जात नाही.